जून कोंबडा, बोकडाचे मटण आणि एकच वाटण: कोणते मांस किती शिजवावे?

नेरूरपार (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

वीस वर्षे नोकरीनिमित्त मुंबईत काढून मागच्या वर्षी मी आईच्या देखभालीसाठी कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावी कायमचा परत आलो. मुंबईत स्वयंपाक मीच करीत असे आणि कोंबडी-मटण आपल्याला उत्तम जमते, असे मी धरून चाललो होतो. गावी आल्यावर मात्र लागोपाठ दोनदा माझी मोठी चूक झाली आणि त्यातली पहिली अजून मनाला लागून राहिली आहे.

गेल्या महिन्यात आमची राखण, म्हणजे राखणदार देवाला कोंबड्याचा मान देण्याचा विधी, होती. आईने दोन वर्षे पाळलेला तांबडा कोंबडा त्यासाठी ठेवला होता. आईचे गुडघे आता चुलीपुढे बसू देत नाहीत, म्हणून सागोती मी करायला घेतली. मुंबईत मी कोंबडी, मसाला आणि भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण असे सगळे एकदम कुकरला लावून तीन शिट्या करीत असे, तसेच येथेही केले. कुकर उघडला तेव्हा मांस दातांना दाद देईना. म्हणून आणखी सहा शिट्या केल्या, तर वाटण तळाला लागले, रश्श्याला करपट वास आला आणि मांस तरीही वातडच राहिले. पंचाहत्तरीचे माझे मामा मुद्दाम जेवायला आले होते. त्यांनी एक तुकडा बराच वेळ तोंडात घोळवला, हळूच ताटाच्या कडेला ठेवला आणि उरलेले जेवण रस्सा-भातावर उरकले. ते काही बोलले नाहीत, पण वडे मात्र दोनदा मागून घेतले आणि मला जे समजायचे ते समजले.

दुसरी चूक मटणाची. खाटकाने मांडी, सीना, चाप आणि काळीज असे सर्व मिळून एक किलो दिले आणि मी ते सर्व एकत्रच शिजवले. सीन्याचे तुकडे सुरेख झाले, मांडीचे कोरडे पडले आणि काळीज तर रबरासारखे झाले.

मला मनापासून जाणून घ्यायचे आहे की गावठी कोंबडा, बॉयलर आणि बोकड यांना एकच रीत लावावी की प्रत्येकाची वेगळी. वाटण नेमके केव्हा घालावे. पपई लावण्याचा खरोखर उपयोग होतो का. आणि आमच्याकडे माशांच्या आमटीत पडते ते तिरफळ मटणात चालते का. गावात कधी कधी रानडुकराचे मांस घेणार का, अशी विचारणाही होते. त्याबद्दलही जाणकारांनी स्पष्ट सांगावे.

तीस वर्षे चूल

दादा, आपला प्रश्न वाचला आणि आपल्या मामांचे ताट डोळ्यांपुढे उभे राहिले. मालवणात मी तीस वर्षे खानावळ चालवली. आपल्या हातात दोष नाही, दोष वेळेच्या हिशेबाचा आहे. मसाला सगळ्यांना एक असला तरी चालतो, पण वेळ जनावराला विचारूनच ठरवावी लागते.

कोंबडा हातात आला की आधी त्याचे वय पाहावे. पायाच्या मागचा काटा नुसता दाण्याएवढा असेल तर कोंबडा कोवळा, आणि बोटाच्या पेराएवढा वाढून टोकदार झाला असेल तर जून. दुसरी खूण छातीच्या हाडाची. त्या हाडाचे खालचे टोक बोटाने दाबले असता वाकले, तर ते अजून कूर्चेचे आहे आणि कोंबडी तासाभराच्या आत शिजेल. ते टणक लागले तर दीड ते दोन तासांची तयारी ठेवावी. आपला दोन वर्षांचा कोंबडा तीन शिट्यांत शिजणे शक्यच नव्हते.

गावठी कोंबड्याची कातडी कधीही काढून टाकू नये. पिसे काढल्यावर अंगाला हळद चोळून चुडताच्या (माडाच्या सुक्या झावळ्यांच्या) जाळावर तो सगळ्या बाजूंनी भाजून घ्यावा, म्हणजे बारीक लव जळते, कातडी आवळते आणि रश्श्याला तो भाजका वास लागतो, जो कितीही महागडा मसाला घातला तरी येत नाही. तुकडे बेताचे करावेत, फार लहान करू नयेत, कारण दीड-दोन तासांत लहान तुकड्यांची हाडे सुटून रश्श्यात चुरा होतो.

मग जाड बुडाच्या टोपात थोड्या तेलावर कांदा परतून त्यात कोंबडा, हळद, मीठ आणि आले-लसणाचे वाटण घालावे आणि मांसाचे अंगचे पाणी सुटेपर्यंत परतावे. त्यावर खोलगट झाकण ठेवून झाकणात पाणी ओतावे. झाकणातले पाणी कढत झाले की तेच आत घालायचे. थंड पाण्याचा हबका मात्र मध्येच देऊ नये, कारण त्याने उकळी मोडते आणि शिजण्याचा वेळ उगाच लांबतो. जाळ असा ठेवावा की रस्सा खदखदणार नाही, नुसता एका कडेने बुडबुडे येत राहतील. या टप्प्यावर टोपात ना मालवणी मसाला असतो ना खोबरे. आमच्याकडे याला आळण म्हणतात. लहान मुलांना आणि आजाऱ्यांना त्यातूनच वाटीभर काढून देतात.

मांडीचा तुकडा बाहेर काढून बोटांनी दाबावा. मांस हाडापासून सुटू लागले, की मगच मसाला आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण घालायचे आणि पुढे पंधरा-वीस मिनिटे मंद आचेवर ठेवायचे. आपले वाटण करपले ते याच कारणाने. वाटलेले खोबरे, कांदा आणि खसखस जड असल्यामुळे तळाशी बसतात आणि कुकरमध्ये ते हलवायला कोणी नसते. ओल्या नारळाचे दूध घालणार असाल तर ते अगदी शेवटी घालावे आणि उकळी फुटण्याआधी टोप उतरवावा, नाहीतर दूध फाटते.

तिरफळाबद्दल माझे मत ठाम आहे. ते बांगडा, तारली, पेडवे अशा तेलकट माशांचे आहे. मटणात लवंग, मिरी, बडीशेप, दगडफूल आणि जायपत्री यांचा वास वर यायला हवा आणि तिरफळ त्या सगळ्यांना झाकून टाकते. कोकमही मटणात घालू नये. त्याची जागा शेजारच्या सोलकढीच्या वाटीत आहे.

आणखी एक गोष्ट. बाजारात गावठी म्हणून जे रंगीत पिसांचे कोंबडे मिळतात, त्यांतले पुष्कळसे वनराज किंवा गिरिराज जातीचे असतात. ते वाईट मुळीच नाहीत, पण लवकर वाढतात आणि लवकर शिजतात, म्हणून त्यांना दोन तास ठेवले तर मांसाच्या दोऱ्या होतात. वर सांगितलेल्या दोन खुणा पाहिल्याशिवाय चूल पेटवू नये.

गुरांचा दवाखाना

मी रत्नागिरी जिल्ह्यात पशुवैद्यक म्हणून काम केले आहे. काकींनी रीत सांगितली आहे, मी तिच्यामागची कारणे सांगतो, म्हणजे नवे जनावर समोर आले तरी आपला अंदाज चुकणार नाही.

मांसात दोन गोष्टी शिजतात आणि दोघींची गरज परस्परांच्या उलट असते. स्नायूंचे तंतू सुमारे ५० अंश सेल्सिअसपासून आवळू लागतात आणि जितके तापवावे तितके त्यांतले पाणी बाहेर जाते, म्हणजे ते कोरडे होतात. या तंतूंना बांधून ठेवणारे कोलॅजन नावाचे चिवट प्रथिन मात्र ७० अंशांच्या वर आणि पुष्कळ वेळ ओलाव्यात राहिले तरच विरघळते व त्याचे जिलेटिन होते. बोटांना चिकटणारा दाट रस्सा या जिलेटिनमुळेच होतो. जनावर जितके हिंडलेले आणि वयस्क, तितके त्याचे कोलॅजन घट्ट विणलेले असते. बॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांतच बाजारात येते आणि तिला फारसे चालावे लागत नाही, म्हणून ती वीस-पंचवीस मिनिटांत तयार होते. आपला कोंबडा दोन वर्षे परसात उकिरडे उकरीत हिंडला होता.

मटणाचेही तेच. सीना, मान, खांदा आणि नळी यांत कोलॅजन भरपूर असल्याने ते सावकाश शिजवल्यास मऊ होतात. मांडीच्या मोठ्या गोळ्यात ते कमी असते, म्हणून सीन्याइतका वेळ दिला तर मांडी कोरडी पडते. काळजात ते नसल्यासारखेच असते, त्यामुळे जास्त शिजवून त्याचे काहीच भले होत नाही. काळीज वेगळे ठेवावे, शेवटी तव्यावर कांदा-मिरीबरोबर पाच-सात मिनिटे परतावे आणि आतला गुलाबी रंग गेला की लगेच उतरवावे. खाटकाला सांगून एका वेळी एकाच भागाचे मटण घ्यावे. रश्श्यासाठी सीना, खांदा आणि नळी घ्यावी, सुक्यासाठी मांडी चालेल.

बोकडाचे वय पाहायचे असेल तर दुकानात मुंडी ठेवलेली असते, तिचा खालचा जबडा पाहावा. पुढचे सगळे दात बारीक आणि सारखे असतील तर ते दुधाचे दात आहेत, म्हणजे जनावर साधारण वर्षाच्या आतले. मधले दोन दात ठळक मोठे दिसले तर ते वर्ष-दीड वर्षाचे किंवा त्याहून मोठे आहे आणि त्याला वेळ अधिक लागेल. आपल्या सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ ही शेळी मांसासाठी पाळतात. त्या जातीचे वर्षाच्या आतले बोकड मिळाले, तर पपईची आठवणही होणार नाही.

पपईचा उपयोग आहे, पण मर्यादित. कच्च्या पपईतले पेपेन मांसाच्या पृष्ठभागावरच काम करते. ते ६० ते ७० अंशांच्या दरम्यान सर्वांत जोमाने चालते आणि उकळीला निकामी होते. चापांना किंवा भाजायच्या पातळ तुकड्यांना ती अर्धा-एक तास लावावी. रश्श्याच्या जाड तुकड्यांना तिने फारसा फरक पडत नाही आणि रात्रभर लावून ठेवल्यास वरचा थर पिठूळ होतो.

कुकर वापरायला हरकत नाही, पण शिट्या मोजणे सोडून द्यावे. शिटी हे वेळेचे माप नाही, मोठ्या आचेवर दहा मिनिटांत सहा शिट्या होतात. कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपास तापमान जाते, म्हणून पहिल्या शिटीनंतर आच अगदी बारीक करून घड्याळ लावावे. बोकडाला वीस ते पंचवीस मिनिटे आणि जून कोंबड्याला तीस ते पस्तीस मिनिटे द्यावीत, मग वाफ आपोआप जिरू द्यावी. वाटण अर्थातच त्यानंतर.

शेवटचे कारण लोकांच्या लक्षात येत नाही. जनावर कापल्यावर थोड्याच वेळात त्याचे स्नायू ताठरतात. कोंबडीत हा ताठरपणा काही तासांत उतरतो, बोकडात त्याला साधारण एक दिवस लागतो. म्हणून सकाळी आणलेले ताजे मटण झाकून फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी केले तर ते अधिक मऊ होते. मात्र पावसाळ्यात वीज तासन् तास जाते, त्या दिवसांत हा प्रयोग करू नये. कच्चे मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये आणि कोंबडी नळाच्या जोरदार धारेखाली धुऊ नये, कारण उडालेल्या शिंतोड्यांबरोबर जंतू शेजारच्या भांड्यांवर जातात.

आक्षी किनारा

अलिबागकडून थोडीशी भर घालतो. बॉयलरला नावे ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे, पण आमच्या पोपटीला मी तीच घेतो. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, अंडी, बटाटे आणि केळीच्या पानात बांधलेली, मसाला लावून ठेवलेली कोंबडी रचायची, तोंड पुन्हा पाल्याने गच्च बंद करायचे आणि मडके पालथे घालून भोवती गवत-काटक्यांचा जाळ करायचा. आत पाण्याचा थेंब घालत नाहीत. अर्ध्या-पाऊण तासात मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारावा. तो चर्र आवाज होऊन लगेच उडून गेला की पोपटी झाली. एवढ्या वेळात फक्त कोवळे मांसच शिजते. एकदा हौसेने आम्ही जून कोंबडी घातली, तेव्हा शेंगा करपल्या आणि कोंबडी तशीच राहिली. डॉक्टरसाहेबांनी सांगितलेले कारण आज समजले.

वेंगुर्ले बंदर

आपण रानडुकराचे विचारले आहे, त्याचे उत्तर एकच आहे: घेऊ नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार परवानगीवाचून शिकार करणे हा गुन्हा आहेच, पण ते मांस विकत घेणे आणि घरात बाळगणे हाही गुन्हाच आहे. शिवाय त्याची कोणतीही तपासणी झालेली नसते आणि रानडुकराच्या मांसात कृमी असण्याचा धोका खराखुरा असतो. शेतीचे नुकसान करणाऱ्या डुकरांबाबत वनखात्याकडे रीतसर अर्ज करण्याची सोय आहे. ती वाट वेगळी आणि स्वयंपाकघराची वाट वेगळी.

डुकराचे मांस खायचेच असेल तर ते पाळीव डुकराचे, ओळखीच्या माणसाकडून घ्यावे. आमच्या ख्रिस्ती घरांत नाताळला सोरपोटेल होते. हा शब्द आणि पदार्थ पोर्तुगिजांबरोबर आला, पण त्यातला शिरका आपल्या माडाच्या सुरेचा आहे. मांस आणि काळीज आधी मोठ्या तुकड्यांत पाण्यात उकडतात, गार झाल्यावर हरभऱ्याएवढे बारीक चिरतात आणि मग त्यांच्याच चरबीत लालसर होईपर्यंत परततात. तेल वेगळे घालावे लागत नाही. सुकी लाल मिरची, जिरे, मिरी, दालचिनी, लवंग आणि लसूण हे सगळे शिरक्यातच वाटून त्यावर घालतात. पाण्यात वाटले तर ते टिकत नाही.

ज्या दिवशी केले त्या दिवशी आमची आई ते कोणाला वाढीत नसे. रोज एकदा चांगले उकळून, तिसऱ्या दिवशी सान्नांबरोबर (तांदळाच्या फुगलेल्या इडल्यांबरोबर) ते पानात येई. तोवर शिरक्याचा तिखट झणका बसलेला असतो आणि चरबीवर मसाल्याचा तांबडा तवंग चढलेला असतो. या मांसाला आंबट लागते, बोकडाला लागत नाही, हे माझे स्वतःचे मत आहे. डुकराची चरबी जड असते आणि शिरक्यावाचून ती जिभेवर बसून राहते.

नेरूरपार

आपणा सर्वांचे मनापासून आभार. रानडुकराचा विषय आमच्या घरापुरता संपला आहे.

काल रविवारी मामांना पुन्हा बोलावले. या वेळी शेजारणीकडून घेतलेला कोंबडा होता. त्याचा काटा पेराएवढा नव्हता, पण छातीच्या हाडाचे टोक वाकत नव्हते, म्हणून मी दीड तास धरला. पहाटे कापून, हळद लावून, चुडतावर भाजून तो झाकून ठेवला आणि नऊ वाजता चुलीवर चढवला. आई ओसरीवर खुर्चीत बसून नुसत्या वासावरून सांगत होती की आता झाकणातले पाणी आत घाल, आता जाळ ओढ. पाऊण तासाने मांडी दाबली तर अजून टणक होती आणि पूर्वीचा मी असतो तर घाबरून मसाला टाकून मोकळा झालो असतो. सव्वा तासाने हाडाजवळचे मांस पहिल्यांदा सुटू लागले. वाटण त्यानंतर घातले. मामांनी मांडीचा तुकडा घेतला, वड्याबरोबर संपवला आणि हाड चोखून ताटात ठेवले.

आता एक शंका उरली आहे. पुढच्या आठवड्यात खाटीक वजडी (बोकडाचे पोट) आणि खूर देणार आहे. हे दोन्ही मी कधी केलेले नाही. दोन्ही एकत्र शिजवावेत का?

तीस वर्षे चूल

एकत्र शिजवू नयेत, दादा. खूर आधी जाळावर भाजून, सुरीने खरवडून स्वच्छ करावेत आणि हळद-मीठ, मिरी, आले-लसूण घालून मंद आचेवर निदान तीन तास ठेवावेत, कुकर असेल तर बारीक आचेवर पाऊण ते एक तास. त्यांत खोबऱ्याचे वाटण घालू नये, कारण खुरांचा रस्सा स्वतःच एवढा दाट होतो की गार झाला की चमचा उभा राहतो.

वजडीचे सगळे काम धुण्यात असते. खाटकाकडूनच ती उलटवून घ्यावी, घरी कढत पाण्यात दोन मिनिटे बुडवून वरचा काळा पापुद्रा सुरीने खरवडावा आणि मीठ व तांदळाचे पीठ चोळून पाणी नितळ येईपर्यंत चार-पाच वेळा धुवावी. नंतर हळद घालून वेगळी उकडावी आणि ते पहिले पाणी टाकून द्यावे. कुकरमध्ये अर्धा तास पुरतो. वजडीचे सुके करावे आणि त्यात भाजलेले खोबरे सढळ हाताने घालावे. मामांसाठी तुकडे नखाएवढे बारीक चिरा.